मोरीच्या तेलाची मोटार

आमच्या घरी मोटार आली ती रस्त्यानं नाही, दर्यातून आली. हे सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारी थापा मारते. मारीना का! माझे बाबा गलबतावर तांडेल होते, म्हणजे गलबत त्यांच्या हुकमानं चालायचं, आणि उभ्या जन्मात त्यांनी कुठलीही वस्तू घरी आणली ती दर्यातूनच. मंगळुरी कौलं, मीठ, आईची शिवणाची मशीन, माझा लाकडी घोडा, सगळं पाण्यावरून आलेलं. गोवा मोकळा झाला आणि तिकडच्या एका पाववाल्यानं त्याची जुनी बंद गाडी माडाखाली टाकून दिलेली बाबांना दिसली. पूर्वी त्या गाडीतून गावोगाव पाव जायचे. आता तिच्या तळाला भोकं पडली होती, दारं कुरतडल्यासारखी झाली होती, आणि चाकांच्या वरच्या पत्र्याला नुसतं बोट लावलं तरी खपल्या पडत होत्या. "न्यायची तर न्या," पाववाला म्हणाला, आणि बाबांनी ती फळ्या टाकून गलबतावर चढवली, दोरखंडांनी डोलकाठीला जखडली आणि मालवणला आणली. किनाऱ्यावर आमची अख्खी वायरी वाडी गोळा झाली होती. "तांडेलान मोटार हाडल्यान, ती पण भिजवून!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. बाबाही हसले. मी मात्र आईच्या पाठीमागे लपले. मला वाटलं होतं, मोटार म्हणजे चकचकीत काहीतरी असेल.

गलबतांचे दिवस भरत आले होते. माल आता ट्रकनं घाटावर जायचा, आणि धक्क्यावर हमाल दुपारभर पत्ते कुटत बसायचे. बाबांनी हे आमच्यापेक्षा आधी ओळखलं. पण बोलून दाखवणारा तो माणूस नव्हे. त्यांनी घरापाठचा मांगर रिकामा केला. मांगर म्हणजे आमच्याकडे गुरांसाठी, लाकडांसाठी चिऱ्याच्या भिंती घालून वर झावळ्यांनी शाकारलेली जागा. गाय फणसाखाली बांधली गेली, सुकी लाकडं पडवीत आली, आणि गायीच्या जागी पाववाल्याची गाडी उभी राहिली. आई दोन दिवस धुमसत होती. "गायीक भायर काढून लोखंडाक घरात घेतल्यानी," असं ती चुलीशी बोलायची, म्हणजे बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तिसऱ्या दिवशी मात्र तिनंच बाबांची पेज मांगरात नेऊन दिली, वर भाजलेला सुका बांगडा. तेव्हापासून आमचं निम्मं घर मांगरातच राहायला गेलं.

गंज काढायचं काम आम्हा सगळ्यांचं होतं. आई, मी, माझी थोरली बहीण शालन, आणि बाबा. फुटक्या कौलाच्या तुकड्यानं आधी खरवडायचं, मग ओली वाळू आणि काथ्या घेऊन घासायचं, आणि जिथं गंज हट्टाला पेटला असेल तिथं आईनं आमसुलं भिजवून ठेवलेलं आंबट पाणी फडक्यानं दाबून ठेवायचं. सकाळी ते फडकं काढलं की खालून पत्रा करडा, स्वच्छ निघायचा. तो कर्रर कर्रर आवाज अजून माझ्या दातांत आहे. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आधी मांगरात शिरायची. आमचे हात लाल, केस लाल, परकर लाल. शालन माझ्यापेक्षा मोठी आणि देखणी, पण कामाला वाघीण. गाडीच्या पोटाखाली उताणी निजून ती गाणी म्हणायची आणि मध्येच ओरडायची, "मंदे, डोळ्यात गंज गेलो गो!" मग मी परकराच्या टोकानं तिचा डोळा पुसायची. सुख म्हणतात ते हेच असावं. तेव्हा तसं कुणी सांगितलं नाही, एवढंच.

मोटारीचं यंत्र उघडून बसला होता पास्कू. हा बाबांचा बालमित्र, बंदरावरच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. यंत्र त्याचं आणि अंग बाबांचं, अशी वाटणी होती. बाबांनी मोटारीचं अंग होडी दुरुस्त करावी तसं केलं, दुसरं काही त्यांना येतच नव्हतं! तळाला फणसाच्या फळ्या बसवल्या. भोकांवर तांब्याच्या पत्र्याची ठिगळं मारली. फटींत कापूस ठासून वर चंद्रूस, म्हणजे झाडाची राळ, भरला, होडीत पाणी शिरू नये म्हणून भरतात तसा. आणि मग ते म्हणाले, "आता तेल." पास्कूनं यंत्रातून डोकं बाहेर काढलं. "अरे तांडेला, मोटारीक गंजू नये म्हणान लाल रंग मारतत. तेल खंयचा?" बाबा म्हणाले, "दर्यार कधी गंजलेलो खिळो दाखव माका. माझ्या गलबताचो एक तरी खिळो दाखव." पास्कूला दाखवता येईना. तो परत यंत्रात घुसला.

हे तेल म्हणजे मोरीच्या काळजाचं. मोरी हा मोठा मासा, दातांचा, काही लोक त्याला मुशी म्हणतात. त्याचं काळीज चांगलं सुपाएवढं असतं. ती काळजं अंगणात मोठ्या कढईत मंद आचेवर कढवायची, की वर पिवळं दाट तेल येतं. आमच्याकडे होड्यांना, गलबतांना पिढ्यान्‌पिढ्या हेच लावत आले. लाकूड कुजत नाही, खिळा गंजत नाही. आम्ही ते पिंपातून काढलं आणि नारळाच्या शेंडीच्या कुंचल्यानं मोटारीला लावलं. वरून लावलं, खालून लावलं. दारांच्या पोकळीत बाबांनी वरच्या भोकातून ओतलं, तळाच्या फळ्यांखाली ओतलं, सुकलं की परत ओतलं. होडी जशी पिते तशी मोटार पिते असं त्यांचं म्हणणं. शालन आणि मी कोपरापर्यंत तेलात. मग त्यावर निळा रंग चढला आणि मधून एक पांढरा पट्टा, आमच्या होडीला होता तस्साच. आता कुणी विचारील, त्या तेलाचा वास कसा होता? मला खरोखर सांगता येणार नाही. आठवतच नाही. आम्हाला तो कधी आलाच नाही. आमच्या अंगणात बोंबील सुकायचे, पडवीत जाळी टांगलेली, कढईत काळजं. जन्मल्यापासून नाकात तेच. वाडीतली मांजरं तेवढी दिवसभर मोटारीत बसून असायची, चाकं चाटायची. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! आई तर म्हणाली, "मुक्या जनावराक कळता, घराक बरकत येतली हा."

पास्कूनं हँडल मारमारून एकदाचं यंत्र चालू केलं तेव्हा मांगराच्या झावळ्या थरथरल्या आणि गाय दावं तोडून पळाली. बाबा स्टिअरिंगवर बसले. हा माणूस तुफानात सुकाणू धरून गप्प बसणारा, पण त्या दिवशी त्यांचे डोळे भरले. ते म्हणाले, "शाले, तुका मी माझ्या गाडयेतसून सासरी पोचवतलंय." शालनचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. सावंतवाडीकडचं स्थळ, मुलगा शाळामास्तर, सासरा पोस्टात होता. घरात बोलणं शुद्ध पुस्तकी. पाहायला आले तेव्हा आमच्या ओट्यावर बसून "आपल्याकडे हवा छान आहे हो" असं म्हणाले होते, आणि चहा घेऊन लगेच उठले होते. तेव्हा आम्हाला वाटलं, किती घाईची माणसं!

बाबांचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. वरात मोटारीनं जाईल, वाटेत सगळं मालवण बघेल, कट्ट्याचा बाजार बघेल, कुडाळ बघेल, मग लोक लग्नकार्याला आपली मोटार सांगतील. तांडेलकी गेली तरी माणूस बुडाला नाही हे दिसेल. ते स्वतः हे इतकं बोलले नाहीत, पण पास्कू सगळ्या वायरीला सांगत फिरायचा, आणि बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांनी बसायला फणसाची बाकं केली, त्यावर आईनं जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घातल्या. नवऱ्यामुलासाठी पुढची जागा. तिथं गोधडीखाली कापसाची गादीसुद्धा.

लग्न वैशाखात, आमच्याच अंगणात झालं. उन्हानं माडांच्या सावल्यासुद्धा आटल्या होत्या. जेवणं झाली. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, सगळं यथास्थित. पाठवणीच्या आधी मोटार मांगरातून काढून अंगणात उभी केली, तिच्या नाकावर झेंडूची माळ. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. वाडीतल्या वडीलधाऱ्या माणसानं नारळ हातात धरला. "बा देवा महाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान आपल्या हातान ही मोटार उभी केल्यान हा, रे महाराजा!" "व्हय महाराजा!" सगळे एका सुरात. "तेची ही लेक आज परक्या घराक जाता हा, रे महाराजा!" "व्हय महाराजा!" "वाटेत काय इडापीडा आसात ती दूर करून तिका सुखरूप पोचव, रे महाराजा!" "व्हय महाराजा!" नारळ फुटला, पाणी चाकावर पडलं. बाबांनी पाठचं दार उघडलं आणि हात पुढे करून म्हणाले, "बसा." मोटारीची दारं सकाळपासून बंद, आणि आता वर वैशाखाचं ऊन. दाराच्या आतून पिवळं तेल पाझरून खाली ओघळत होतं, ते मला दिसलं. मला वाटलं, किती छान मुरलंय!

नवऱ्यामुलाची आत्या पहिली चढली आणि चढली तशीच उतरली. पदर नाकाला लावून ती अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत धावली आणि तिथं वाकून ओकली. "अगो बाई गं, आत काय मेलंय काय?" दुसऱ्या बायका दारापर्यंत गेल्या, आणि त्यांनीही पदर लावले. पुरुषांनी रुमाल काढले. सासऱ्यांनी घसा खाकरला. फार सभ्य माणूस, हे मी आजही म्हणते, पण त्या सभ्यपणानं जेवढं सोललं तेवढं शिवीनं सोललं नसतं. ते म्हणाले, "मोटार उत्तम केलीत हो तांडेलसाहेब. पण बायकामाणसांना जरा वास सोसत नाही. आम्ही आपले एस.टी.नं जातो."

"कसलो वास?" बाबा म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते, उद्धटपणाही नव्हता. त्यांना खरंच कळेना. त्यांनी मोटारीत डोकं घालून छाती भरून श्वास घेतला, बाहेर आले, आणि म्हणाले, "माका तर काय येणा नाय." मग त्यांनी पास्कूकडे बघितलं. पास्कूनं डोकं आत घातलं, हुंगलं, आणि खांदे उडवले. मग वाडीतली आमची माणसं एकेक करून पुढे झाली. म्हातारे, बायका, माझा मामा, सगळे दाराशी वाकून हुंगताहेत आणि एकमेकांकडे बघताहेत. कुणालाच काही येत नव्हतं. आणि वरातीतली माणसं रुमालांआडून हे सगळं पाहत उभी होती. त्यांच्यातली एक तरुण मुलगी हसू आवरत दुसरीला म्हणाली, "अगं, ह्यांना येतच नाही!"

तेव्हा मला कळलं. मोटारीचं नव्हे, आमचं कळलं. मी माझा तळहात नाकाशी नेला. काही नाही. केसांची बट नेली. काही नाही. म्हणजे तो वास माझ्याही अंगाला येत होता, कपड्यांना, वह्यांना, शाळेत मी ज्या बाकावर बसायची त्या बाकालाही, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. पाहायला आलेली माणसं चहा पिऊन का उठली ते कळलं. वर्गात माझ्या शेजारची मुलगी खिडकीकडे सरकून का बसायची ते कळलं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. आजही, इतक्या वर्षांनी, कुणी घरी येणार असलं की मी उदबत्ती लावते, खिडक्या उघडते, आणि सुनेला विचारते, "घराला कसला वास येतोय का गं?" ती म्हणते, "नाही हो आई." माझा विश्वास बसत नाही. आपल्याच माणसाचं नाक कसलं सांगणार!

बाबा शालनकडे वळले. ती माझा हात धरून उभी होती, मुंडावळ्या अजून कपाळावर. "शाले," ते म्हणाले, "तू सांग. तुका येता वास?" सासूनं पदराआडून तिच्याकडे पाहिलं. नवरामुलगा जमिनीकडे बघत होता. शालनचा हात माझ्या हातात होता, म्हणून सांगते. तिला वास येत नव्हता. ज्या हातांनी ते तेल चोळलं तेच हात होते ते. तिनं माझं मनगट असं काही आवळलं की माझी काकणं रुतली. मग ती म्हणाली, "हो बाबा. येतो."

बाबांनी मान हलवली. "बरा," म्हणाले. दार लोटलं, आणि ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून लोटलं. त्यांना काहीतरी करायला हवं होतं. मी बाबांना कधी लाजलेलं पाहिलं नव्हतं. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला तो मोठा माणूस, कुणाकडे बघावं ते न कळून दाराच्या कडीकडे बघत राहिला. मला त्यांची लाज वाटली, आणि त्यांची वाटते म्हणून माझी वाटली. शालनला मी दोष देत नाही. तिला त्या घरात जन्म काढायचा होता, पोरगी दुसरं काय म्हणणार होती? वरात उन्हातून चालत मालवणच्या स्टँडकडे गेली. शालनची ट्रंकसुद्धा त्यांनी मोटारीत ठेवू दिली नाही. मामानं ती डोक्यावर घेतली.

त्यानंतर आई आणि मी वेड्यासारख्या घर धूत सुटलो. चुना, राख, रिठे, लिंबं, ऊद. गोधड्या जाळल्या. पण ज्याचा वास आपल्याला येत नाही तो गेला की नाही हे कसं कळणार? आई मला बोलवायची, "मंदे, बघ गो, गेलो?" आणि मी हुंगायची, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहायचो. मग एक दिवस ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. मी शाळेत शेवटच्या बाकावर एकटी बसायला लागले. पाचपरतावणाला शालनला धाडलं नाही, पाऊस जवळ आलाय असं सासरहून कळवलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि पास्कूबरोबर मोटार काढली. सुके बांगडे, बोंबील, सुंगटं म्हणजे कोळंबी भरून ते कट्ट्याच्या, कुडाळच्या बाजाराला जायला लागले. मासळीच्या बाजारात कोण कुणाचं नाक धरतंय! मोटार धंद्याला लागली, घर चाललं. पत्र्याला गंज म्हणून शिवला नाही. पण लग्नकार्याला आमची मोटार कधी कुणी सांगितली नाही, आणि बाबांनी ती परत कधी धुऊन माळ घातली नाही.

गणपतीला शालन आली, लग्नानंतर पहिल्यांदा. जावई बरोबर नव्हते, धाकटा दीर स्टँडपर्यंत सोडून गेला. पाऊस थांबला होता आणि अंगण चिकचिकलं होतं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. शालन हसत पुढे आली, आणि तुळशीपाशी एकदम थांबली. फार काही नाही, नाकपुड्या जराशा आत गेल्या, ओठ मिटले, आणि तिनं गिळल्यासारखं केलं. लगेच पुन्हा हसली. पण मी पाहिलं, आईनंही पाहिलं. आता ते खोटं नव्हतं. आता तिला खरोखर येत होता.

बाबा मांगरातून तिच्याकडे निघाले होते, हात पुसत, चेहरा उजळलेला. त्यांनीही पाहिलं. ते वाटेतच थबकले. वर माडाच्या झावळ्यांकडे नजर टाकली, आणि तुळशीला लांबून वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, रागावले. तेवढ्यात वारा माझ्या ओल्या गालाला लागला आणि माझ्या लक्षात आलं. वारा तिच्यावरून त्यांच्याकडे जाईल, त्यांच्यावरून तिच्याकडे येणार नाही, अशी जागा त्यांनी शोधली होती.

"बरी आसस मगे, बाय?" त्यांनी तिथूनच विचारलं.

पुढे बाबा होते तोवर शालन जेव्हा जेव्हा माहेरी आली, तेव्हा आधी वारा बघून मगच ते तिच्याशी बोलायला उभे राहिले.